पडद्यावरील भूत घरातच का राहते?

जीव वाचविण्याची धडपड, घरातील तेढ आणि अलौकिकाचे भय हे तीन धागे चित्रपट-मालिकांत पुन:पुन्हा एकत्र का विणले जातात, याचा हा उलगडा. (लेखाच्या ओघात काही चित्रपटांचे शेवट उघड झाले आहेत, याची वाचकांनी नोंद घ्यावी.)

विशेष प्रतिनिधी

राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचे कौतुक पुष्कळ झाले. गल्ला मात्र बेताचाच जमला. पुढे सहा वर्षांनी, १३ सप्टेंबर २०२४ रोजी, तो पुन्हा चित्रपटगृहांत आणण्यात आला आणि पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेस त्याने अधिक कमाई केली. घरबसल्या पाहता येणारा चित्रपट पाहण्यासाठी लोकांनी पदरचे पैसे मोडून रांगा लावाव्यात, ही गोष्ट चित्रव्यवसायात रोज घडणारी नव्हे. त्यातही हा चित्रपट काही हसतखेळत करमणूक करणारा नाही. मुसळधार पाऊस, पडका वाडा, शापित देव आणि माणसाची न संपणारी हाव, असा त्याचा ऐवज.

परंतु 'तुंबाड' लक्षपूर्वक पाहिला, तर ध्यानात येते की त्यातील हस्तर नावाचा राक्षस पडद्यावर फार थोडा वेळ दिसतो. उरलेला सारा वेळ आपण एक कुटुंब पाहत असतो. वाड्याच्या धन्याची सेवा करून एका सोन्याच्या मोहरेची आस धरणारी आई, त्या धन्याचा अनौरस मुलगा विनायक आणि विनायकाच्या हाताखाली तीच विद्या शिकणारा त्याचा मुलगा पांडुरंग. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन कालखंडांत ही कथा विभागलेली आहे. राक्षस आहे तिथेच आहे. बदलत जाते ती पिढी. बाप मुलाला वारसा म्हणून काय देतो, हाच या चित्रपटाचा खरा प्रश्न आहे.

हे केवळ एका चित्रपटाचे वैशिष्ट्य नाही. भारतातील असो, कोरियातील असो वा ऑस्ट्रेलियातील, लक्षात राहिलेल्या बहुतेक भयकथा मुळात कौटुंबिक कथा असतात. भूत स्मशानात कमी आणि माजघरात अधिक वावरते. असे का व्हावे?

भुतांच्या जाती आणि घरातील नाती

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. मराठी लोकसमजुतींतील भुतांची नावेच त्याचे उत्तर देतात. मुंज झाली पण सोडमुंज वा लग्न होण्याआधीच मुलगा दगावला, तर त्याचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो, अशी समजूत. बाळंतपणात किंवा गर्भारपणात स्त्री गेली, तर ती हडळ होते. वारस नसलेल्या किंवा धनावर जीव अडकलेल्या माणसाचा समंध होतो आणि तो पुरलेल्या ठेव्याची राखण करतो.

ही यादी पुन्हा वाचून पाहावी. लग्न न झालेला मुलगा, मूल होता होता गेलेली बाई, वारस नसलेला पुरुष. आपल्याकडील भुतांची वर्गवारी रंगरूपावरून झालेली नाही; ती कुटुंबातील अपुऱ्या राहिलेल्या भूमिकेवरून झालेली आहे. ज्याच्या वाट्याला घरातील ठरलेला संस्कार आला नाही, तो मेल्यावर भूत होतो. किंबहुना भूत म्हणजे घराचे राहून गेलेले देणे, असे म्हटले तरी वावगे ठरू नये. म्हणूनच त्याच्या शांतीचे उपायही पिंडदान, श्राद्ध, वचनपूर्ती असे घरगुतीच असतात.

आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेला 'मुंज्या' हा २०२४ चा हिंदी चित्रपट नेमका याच समजुतीवर उभा आहे. कोकणाची पार्श्वभूमी लाभलेल्या या चित्रपटातील मुंज्याची मागणी एकच: लग्न. भुताची मागणी इतकी साधी, इतकी संसारी असावी, यातच त्या कथेतील विनोद आहे आणि भयही.

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने १९१९ मध्ये भयाच्या याच प्रकारावर एक निबंध लिहिला होता. जर्मन भाषेत 'हाइमलिश' या शब्दाचा एक अर्थ घरगुती, ओळखीचे असा, तर दुसरा अर्थ दडवलेले, झाकलेले असा. फ्रॉइडचे म्हणणे असे, की सर्वांत अस्वस्थ करणारी भीती अनोळखी वस्तूची नसते. जे ओळखीचे होते, मनाआड दडपले गेले होते आणि अवचित समोर आले, त्याची ती असते. रानातला वाघ भीतिदायक असतो, पण तो विचित्र वाटत नाही. रोजच्या देव्हाऱ्यासमोर, रोजच्याच साडीत, आई पाठमोरी बसली आहे आणि हाक मारूनही वळत नाही, हे मात्र विचित्र वाटते.

वाडा, वारसा आणि मृत्युपत्र

भारतीय चित्रपटात हे घर प्रथम अवतरले ते हवेलीच्या रूपाने. कमाल अमरोही यांचा 'महल' १९४९ साली आला आणि पुढील अनेक दशकांसाठी एक साचा घालून गेला. अशोककुमार आणि मधुबाला यांच्या या चित्रपटात ओसाड महाल आहे, मागील जन्माची ओढ आहे, रात्री ऐकू येणारे गाणे आहे. आणि शेवटी भूत समजली गेलेली स्त्री हाडामांसाची निघते. साठच्या दशकातील रहस्यपटांनी हीच वाट धरली. राज खोसला यांच्या 'वो कौन थी' (१९६४) मधील पांढऱ्या साडीतील गूढ स्त्रीमागे अखेर वारसाहक्काचा कट असतो. नायक वेडा ठरला, तर इस्टेट त्याच्या हातून जाणार, अशी त्या कटाची मांडणी. म्हणजे भूत खोटे. इस्टेटीची भांडणे खरी.

रॅम्से बंधूंनी मात्र खुलाशाची ही अट काढून टाकली. त्यांची भुते खरी असत. तरीही घर सुटले नाही. त्यांच्या 'पुराना मंदिर' (१९८४) मधील शाप एका घराण्याला आहे आणि तो फळतो त्या घराण्यातील स्त्रियांच्या बाळंतपणात. मुलीच्या प्रेमविवाहास बापाचा विरोध, हे हिंदी चित्रपटातील नेहमीचे भांडण येथे शापाच्या आधारे उभे राहते. बाप मुलीला अडवतो तो हट्टापायी नव्हे, भीतीपोटी.

मराठी दूरचित्रवाणीवर या परंपरेने नवे रूप धारण केले ते २०१६ मध्ये. झी मराठीवरील 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेने सिंधुदुर्गातील नाईक कुटुंबाचा वाडा घराघरांत पोहोचवला. कुडाळ तालुक्यातील आकेरी येथे तिचे चित्रीकरण झाले. घरातील कर्ता पुरुष जातो, त्यानिमित्त पांगलेली मुले-सुना एकत्र येतात, आणि मग जमीनजुमला, जुनी पापे, हेवेदावे एकेक करून वर येऊ लागतात. चाकरमान्याच्या घरी गणपतीला किंवा दिवसकार्याला हे प्रसंग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्यात परके असे काही वाटले नाही. ही मालिका लोकांना इतकी भावली, की तिचा पूर्वकथेचा दुसरा भाग २०१९ मध्ये, तर तिसरा भाग २०२१ मध्ये सुरू झाला. माई, अण्णा आणि शेवंता ही नावे घरोघरी पोहोचली. मालिकेतील भुतांपेक्षा अण्णांच्या दराऱ्याचीच चर्चा अधिक झाली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे.

'तुंबाड'ची मुळेही याच मातीतील आहेत. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतले गेले, तर कथाबीज नारायण धारप यांच्या भयकथेतून आले. धारपांनी आणि त्यांच्यानंतर गूढकथेच्या वाटेने रत्नाकर मतकरींनी मराठी वाचकाला हे भय मध्यमवर्गीय घराच्या चार भिंतींत आणून दाखवले होते. पडद्याने ते उशिरा उचलले, एवढेच.

पळून का जात नाहीत?

भयपट पाहताना प्रत्येक प्रेक्षकाच्या तोंडी एक प्रश्न हमखास येतो: 'हे लोक घर सोडून पळून का जात नाहीत?' पटकथाकाराची खरी कसोटी येथेच लागते. जगण्या-मरण्याच्या कथेला दोन गोष्टी लागतात. एक, बाहेर पडता न येणारी जागा; आणि दुसरी, एकट्याने पळू न देणारे कारण. जागा बर्फाने, पाण्याने किंवा कुलपानेही बंद करता येते. पण कारण पुरवते ते कुटुंब. एकटा माणूस खिडकीतून उडी मारील. ज्याचे मूल आतल्या खोलीत झोपले आहे, तो मारणार नाही.

स्टॅन्ले कुब्रिक यांच्या 'द शायनिंग' (१९८०) मध्ये हे गणित अतिशय स्वच्छ मांडलेले आहे. स्टीफन किंग यांच्या १९७७ च्या कादंबरीवर आधारित या चित्रपटात हिवाळ्यापुरते बंद झालेले डोंगरातील हॉटेल आहे. राखणदार म्हणून आलेला लेखक, त्याची बायको आणि लहान मुलगा, एवढीच माणसे. बर्फाने रस्ते बंद होतात आणि मग कळते, की धोका हॉटेलच्या भुतांपासून जितका आहे तितकाच बापाच्या दारूपासून आणि संतापापासून आहे. भुते केवळ त्याच्या कानाला लागतात.

'ट्रेन टू बुसान' (२०१६) या कोरियन चित्रपटात बंद जागा आहे ती धावत्या रेल्वेची. पैशाच्या व्यवहारात बुडालेला, संसार मोडकळीस आलेला बाप मुलीला तिच्या आईकडे सोडायला निघाला आहे आणि गाडीत नरभक्षक रोगाची साथ पसरते. संकट आले नसते, तर या बापलेकीत चार वाक्यांचेही बोलणे झाले नसते. स्वत:पुरते पाहावे, ही त्याची शिकवण आणि इतरांना मदत करावी, हा तिचा स्वभाव. चित्रपटभर झगडा चालतो तो या दोहोंमध्ये. 'अ क्वाएट प्लेस' (२०१८) मध्ये आवाज झाला की हल्ला करणारे प्राणी आहेत. त्यामुळे घरात कुणी बोलू शकत नाही. धाकट्या भावाच्या मृत्यूला आपणच कारण झालो, असे मानणारी कर्णबधिर मुलगी आणि तिला माया बोलून दाखवू न शकलेला बाप, यांच्यातील अबोला हेच त्या शांततेचे दुसरे नाव आहे.

मराठीत हा प्रयोग 'झोंबिवली' (२०२२) ने केला. दिग्दर्शक पुन्हा सरपोतदारच. नोकरदार नवरा आणि त्याची गर्भार बायको डोंबिवलीच्या उंच संकुलात राहायला येतात. शेजारी वस्ती आहे, वस्तीला पाणी नाही. साथ पसरू लागल्यावर कोण कोणासाठी दार उघडतो, यावर सारे अवलंबून राहते. ज्यांनी पाण्याच्या टँकरवरून होणारी भांडणे पाहिली आहेत, त्यांना या चित्रपटातील विनोदाखालची धार सहज जाणवेल.

मात्र 'पळून का जात नाहीत' या प्रश्नाचे सर्वांत कडवट उत्तर बाबक अन्वारी यांच्या 'अंडर द शॅडो' (२०१६) या फारसी चित्रपटात सापडते. काळ इराण-इराक युद्धाचा, गाव तेहरान. शहरावर क्षेपणास्त्रे पडत आहेत. डॉक्टर नवरा आघाडीवर गेला आहे. राजकीय पूर्वेतिहासामुळे वैद्यकीय शिक्षणाचे दार बंद झालेली शीदे लहान मुलीसह इमारतीत राहते आणि घरात जिन शिरल्याचे मुलगी सांगू लागते. एका रात्री भयाने ती मुलीला उचलून रस्त्यावर धावते; पण डोक्यावर ओढणी नाही म्हणून पहाऱ्यावरचे शिपाई तिलाच पकडतात. घरात जिन, बाहेर कायदा, वर क्षेपणास्त्र. पळायचे कुठे, हा प्रश्न येथे प्रेक्षकाने विचारायचा राहत नाही.

जे घरात बोलता येत नाही

घर ही जशी आसऱ्याची जागा, तशीच गप्प बसण्याचीही जागा. प्रत्येक कुटुंबात एखादा विषय असा असतो, की तो निघाला की कुणीतरी उठून पाणी प्यायला जाते. पटकथेत भूत बहुधा या विषयाच्या जागी येऊन बसते.

ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिका जेनिफर केंट यांच्या 'द बाबाडूक' (२०१४) मधील अमेलियाचा नवरा तिला बाळंतपणासाठी रुग्णालयात नेताना अपघातात गेला. मुलाचा वाढदिवस आणि बापाचा मृत्युदिन एकच. आईला मुलाचा राग येतो, ही गोष्ट कोणतीही आई बोलू शकत नाही. ती बोलायला एका चित्रमय पुस्तकातून राक्षस यावा लागतो. या चित्रपटाचा शेवट मोठा वेगळा आहे. राक्षस मरत नाही. तो तळघरात राहतो आणि अमेलिया त्याला रोज खायला नेऊन देते. दु:ख संपत नाही, त्याची सोय लावावी लागते, हे एवढ्या साधेपणाने क्वचितच सांगितले गेले असेल.

रेमी वीक्स यांच्या 'हिज हाऊस' (२०२०) मधील बोल आणि रियाल हे जोडपे दक्षिण सुदानमधील हिंसाचारातून वाचून, समुद्र ओलांडून इंग्लंडला पोहोचलेले आहे. सरकारने त्यांना एक कळकट घर दिले आहे. ते सोडायचे नाही आणि नोकरी करायची नाही, या अटींवर. भिंतींआडून बुडालेली माणसे बोलू लागतात. हळूहळू उलगडते, की जीव वाचविण्यासाठी त्यांनी एका परक्या मुलीला आपली मुलगी म्हणून सोबत घेतले होते आणि ती वाटेत बुडाली. वाचलो खरे, पण कुणाच्या जिवावर वाचलो? जीव वाचविण्याची धडपड, नवराबायकोतील दुरावा आणि अलौकिक भय हे तीनही धागे येथे एकाच गाठीत बांधले गेले आहेत. एक सोडवला तर बाकीचे दोन सुटतात.

मराठीत अशी गाठ विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी' (२०१७) ने मारली. सावकाराच्या गुंडांपासून जीव वाचवीत एक जोडपे उसाच्या फडातील एकाकी घरात आसरा घेते. बायको गर्भार आहे. पूजा सावंतने साकारलेल्या या नेहाला उसात लपाछपी खेळणारी मुले दिसू लागतात. प्रेक्षकाला वाटते, बाळाला धोका भुतांपासून आहे. प्रत्यक्षात ज्यांनी आसरा दिला, त्या घराच्या इतिहासातच जन्मू न दिलेल्या मुली पुरलेल्या असतात. याच कथेवर फुरिया यांनी २०२१ मध्ये 'छोरी' हा हिंदी चित्रपट केला आणि २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही आला.

हे भय काल्पनिक नाही, हे सांगायला जनगणनेचे आकडे पुरेसे आहेत. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीडमध्ये तर ती ८१० च्याही खाली गेली. ज्या मुली या आकड्यांतून गळाल्या, त्यांची नावे कोणत्याही नोंदवहीत नाहीत. 'लपाछपी'ने त्यांना उसात उभे केले. अहवाल वाचून जे पोटात कालवत नाही, ते त्या मुलांच्या हसण्याने कालवते.

खुलासा की झपाटलेपण?

येथवर आपण भुताकडे रूपक म्हणून पाहिले. परंतु रूपक पडद्यावर शोभते; घरात त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. म्हणूनच अशा कथांत एक निर्णय फार मोलाचा ठरतो: शेवटी खुलासा करायचा, की भूत खरे मानायचे?

या बाबतीत फाजिल दिग्दर्शित 'मणिचित्रताळ' (१९९३) हा मल्याळम चित्रपट मैलाचा दगड मानला जातो. जुन्या घराण्याच्या वाड्यात राहायला आलेली गंगा नागवल्ली या नर्तकीच्या आत्म्याने झपाटल्यासारखी वागू लागते. मात्र येथे मांत्रिक नव्हे, तर मनोविकारतज्ज्ञ कोडे सोडवतो. तिचे एकाकी बालपण, नवऱ्याचे दुर्लक्ष, वाड्याच्या कथांचा मनावरील पगडा असे एकेक पदर उलगडले जातात. गंगाच्या भूमिकेसाठी शोभना यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कन्नड, तमिळ, बंगाली अशी वळणे घेत ही कथा २००७ मध्ये 'भूलभुलैया' या नावाने हिंदीत आली. गंमत अशी, की २०२२ मध्ये आलेल्या त्याच नावाच्या दुसऱ्या भागात मात्र भूत खरेच निघाले. पहिल्या चित्रपटाने ज्या समजुतीचा खुलासा केला, तिलाच दुसऱ्याने पुन्हा दार उघडून दिले.

यात बिघडले काय, असे कुणी विचारील. करमणूक ही करमणूकच. तथापि, ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे काय घडले, हे विसरता येत नाही. दर्ग्यावर बरे होण्यासाठी आणलेल्या मनोरुग्णांच्या एका निवाऱ्याला त्या पहाटे आग लागली. साखळ्यांनी बांधलेले २८ जण पळूच शकले नाहीत. त्यांना बाहेरची बाधा झाली आहे असे मानून, बऱ्याचदा त्यांच्याच घरच्यांनी, त्यांना तेथे आणून सोडले होते. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास सक्त मनाई केली. परंतु २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले होते, की विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. मधल्या पोकळीत मांत्रिक उभा असतो.

महाराष्ट्राने यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीतील पहिलेच कलम भूत उतरविण्याच्या नावाखाली होणाऱ्या छळाविषयी आहे. दोराने वा साखळीने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे हे सारे त्यात गुन्हा ठरते. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. ही यादी वाचताना जाणवते, की यातील कितीतरी दृश्ये आपण पडद्यावर, पार्श्वसंगीताच्या साथीने, उपाय म्हणून पाहिलेली आहेत.

दूरचित्रवाणीलाही नियम आहेत. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमावलीतील कार्यक्रमसंहितेनुसार अंधश्रद्धेस उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवता येत नाही. 'रात्रीस खेळ चाले'वरही सुरुवातीच्या काळात अंधश्रद्धेला खतपाणी आणि कोकणची बदनामी असे दोन्ही आक्षेप घेतले गेले. अशा वेळी वाहिन्या सुरुवातीस एक सूचना दाखवून मोकळ्या होतात. पण सूचना दोन ओळींची असते आणि मालिका शेकडो भागांची. कथेचा कल कोणीकडे आहे, हे सूचनेवरून नव्हे, तर कथेवरूनच ठरते.

याचा अर्थ भूत दाखवूच नये, असा मुळीच नाही. भयकथा ही कथांच्या सर्वांत जुन्या प्रकारांपैकी एक आहे आणि ती बंद करून अंधश्रद्धा संपत नसते. 'तुंबाड'मध्ये राक्षस खरा आहे. तरीही तो पाहून कुणी मांत्रिकाकडे जाणार नाही, कारण त्या चित्रपटात सुटका मंत्राने होत नाही. ती होते पांडुरंगाच्या नकाराने. बापाने मरता मरता पुढे केलेले सोने तो घेत नाही. 'बाबाडूक'मध्ये ती आईच्या कबुलीने होते. 'हिज हाऊस'मध्ये झाले ते मान्य करण्याने होते. अलौकिक खरे की खोटे, यापेक्षा सुटकेचा मार्ग कोणाच्या हाती दिला आहे, हा फरक मोठा आहे.

प्रेक्षकाने काय पाहावे?

पुढील वेळी असा चित्रपट वा मालिका पाहताना तीन साधे प्रश्न मनाशी विचारून पाहावेत. पहिला, हे भूत कोणाचे कोण लागते? उत्तर 'कुणाचेच नाही' असे आले, तर बहुधा ती कथा दचकवण्यापुरतीच आहे. दुसरा, घरातील कोणती व्यक्ती आधीपासून काहीतरी सांगत होती आणि तिचे कुणीच ऐकले नाही? बहुतेक वेळा ती सून, मूल किंवा म्हातारे माणूस असते. तिसरा, शेवटी सुटका कोणी केली? बाहेरून आलेल्या बाबाने, की घरातल्या माणसांनी एकमेकांशी खरे बोलून?

यातील दुसरा प्रश्न पडद्यापुरता राहत नाही. घरातील एखादी व्यक्ती अचानक वेगळे वागू लागली, तिला आवाज ऐकू येऊ लागले, ती जेवेनाशी किंवा झोपेनाशी झाली, तर तिला बाहेरचे काही झाले आहे का, हे शोधण्यात वेळ दवडू नये. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही केंद्राची मोफत दूरध्वनी सेवा सुरू आहे आणि तिचा क्रमांक १४४१६ आहे. मराठीतूनही तेथे बोलता येते.

पडद्यावरील भुताला एक सोय असते. तीन अंकांच्या अखेरीस त्याचे म्हणणे कुणीतरी ऐकून घेते. घरातील माणसाला ही सोय मिळावी, एवढी अपेक्षा ठेवायला कोणत्याही अलौकिकाची गरज नाही.